नणंदेची तपेली

सुरतच्या उधन्यात आमची ख्रिस्ती मंडळी भरते ती एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यावरच्या मजल्यावर. खालची मशिनं रविवारीही चालू असतात, त्यामुळे वरची फरशी उपासना संपेपर्यंत बारीक थरथरत राहते. आम्हाला त्याची सवय झाली आहे. गुडघे टेकले की ती थरथर गुडघ्यांतून पार दातांपर्यंत पोचते, पण कुणी लक्ष देत नाही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे एक पाहुणे उपदेशक आले. धिप्पाड, खणखणीत आवाजाचे, हिंदीतून बोलणारे. खालच्या कारखान्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिलीच प्रार्थना करताना ते मध्येच थांबले. त्यांनी चपला काढल्या, तळवे फरशीवर नीट टेकवले आणि डोळे मिटून म्हणाले, "यह जगह हिल रही है!"

आमच्या पाळकसाहेबांनी सांगायला तोंड उघडलं. पण पाहुणा माणूस, भर सभेत त्याला कसं सांगायचं, म्हणून मिटलं. त्यानंतर पाहुण्यांना जो जोर चढला तो उतरेचना. शेवटी कपाळावरचा घाम पुसत त्यांनी जाहीर केलं, की या ठिकाणी आज प्रभू कुणाला तरी सेवेसाठी पाचारण करतो आहे. ज्याला ती हाक ऐकू येत असेल त्यानं उभं राहावं.

कुणी उभं राहिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुढच्या रांगेतले कमिटीवाले माना खाली घालून बसले. मी मधल्या रांगेत बसले होते आणि घरी भिजत घातलेल्या मठाला एवढ्या उकाड्यात वास तर येणार नाही ना, याचा विचार करत होते. तेवढ्यात छतावरून एक पाल माझ्या मानेवर पडली आणि तिथून ब्लाउजच्या आत, पाठीवर उतरली.

मी किंचाळून उठले. दोन्ही हात वर गेले. अंग शहारत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं. पाल कमरेकडून बाहेर पडून कुठे गेली ते देव जाणे, कारण तोपर्यंत पाहुणे व्यासपीठावरून धावत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना करू लागले होते. बायका रडायला लागल्या. कुणीतरी गीत सुरू केलं. मी दोनदा "पाल, पाल" म्हटलं. शेजारच्या बाईला ते "पिता, पिता" असं ऐकू आलं, आणि तीही हुंदके देऊ लागली.

घरी जाताना रिक्षात माझा नवरा बराच वेळ बाहेर बघत बसला होता. तो सचिन गावातल्या एका डाइंगच्या मिलमध्ये फिटर आहे; कमी बोलतो. घर जवळ आल्यावर म्हणाला, "मला तरी आधी सांगायचंस."

"अहो, पाठीवर पाल पडली होती."

"असू दे," तो समजूतदारपणे म्हणाला. "पण आता तुला पाठवणार कुठे? आसामला का?"

आमच्या शेजारीण बाई अमळनेरकडच्या. मी घरी साड्यांना लेस लावते, त्या टिकल्या लावतात, म्हणून दुपारची आमची बैठक एकच. पाल खरंच पडली होती हे सगळ्या सुरतेत फक्त त्यांनी मानलं. त्यांनी लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागचं पान उघडलं. "मानेवरचं दिलेलं नाही ताई. खांदा धरू का? खांद्याला प्रवास आहे." माझा नवरा आतल्या खोलीत होता. त्यानं हे ऐकलं आणि तो त्या दिवशी जेवला नाही.

मी दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेबांच्या घरी गेले. ते वयानं माझ्याहून लहान, पण मी त्यांना साहेबच म्हणते. सगळं स्पष्ट सांगितलं. मला कुठली हाक आली नाही, मी जास्त शिकलेली नाही, चार लोकांत बोलायचं म्हटलं तर माझी जीभ वळत नाही.

"मोशेही हेच म्हणाला होता," साहेब म्हणाले.

"साहेब, मला खरंच नको आहे. मी पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मंडळीत जाते."

"योनाही पळून गेला होता."

"अहो, पाल होती!"

साहेब जरा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "बलामाशी तर प्रभू गाढवीच्या तोंडून बोलला, बाई."

 मी जितकं नाही म्हणत होते तितकी त्यांची खात्री पटत चालली होती. मी घरी येऊन लेस लावायला बसले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटत होतं. लहानपणापासून मी ज्यांना हाक आली अशा माणसांच्या साक्षी ऐकत आले. कुणाला आजारपणात, कुणाला प्रार्थनेत. मला वाटायचं, कधीतरी आपल्यालाही काहीतरी ऐकू येईल. आणि आलं काय, तर पाल. त्या दुपारी मी प्रार्थना केली, "प्रभू, तू बोलावलं नसशील तर यांना सांग. आणि बोलावलं असशील तर मला सांग." खालच्या गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. बाकी काही झालं नाही.

इकडे कमिटीपुढे प्रश्न पडला की पाचारण झालेल्या बाईचं करायचं काय. संडेस्कूलला बाई होत्या. गायनात मला घ्यायला सगळ्यांनी एका सुरात नकार दिला. आमच्या कमिटीचं एवढं एकमत मी पुन्हा पाहिलं नाही. शेवटी कुणाला तरी दिंडोलीच्या म्हातारीची आठवण झाली.

ही म्हातारी आमच्या मंडळीची सर्वांत जुनी सभासद. साक्रीकडची, मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून नोकरी केलेली, विधवा, मूलबाळ नाही. दिंडोलीत तिचं स्वतःचं लहानसं घर होतं. मागच्या खोलीत ती राही आणि पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू. भाडेकरीण तिला दोन वेळचं जेवण देई. कित्येक वर्षांत म्हातारी उपासनेला आली नव्हती. जे जे पाळक तिला भेटायला गेले त्यांना तिनं घालवून दिलं होतं. आमच्या साहेबांवर तर तिनं वाटीतली डाळ फेकली होती. "ज्याला पाचारण आहे त्यानंच तिथे जावं," असं ठरलं आणि टाळ्या वाजल्या.

मी शनिवारी दुपारी गेले. म्हातारी खाटेवर बसली होती, पांढरे केस मोकळे, पाय लोंबकळत. मी दारात "सलाम आजी" म्हटलं. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"ऊनी का तू?"

"हो, आले," मी म्हणाले. एवढंच माझं चुकलं.

"मनी तपेली कोठे शे?"

मला वाटलं चहाची तपेली मागते आहे. मी इकडे तिकडे बघायला लागले, तर तिनं असा काही तोंडाचा पट्टा सोडला की मी दारातच उभी राहिले. मी चोर होते. भावाच्या घरून जाताना गाठोड्यात तपेली लपवणारी होते. माझ्या आईनं मला काही वळण लावलं नव्हतं. माझ्या लेकरांच्या नाकाला कायम शेंबूड असायचा. मी दारातूनच परत फिरले तेव्हा ती मागून ओरडली, "आणि रिकाम्या हातानं येऊ नकोस!"

भाडेकरणीनं मला ओट्यावर बसवून पाणी दिलं. "आजींना तुम्ही त्यांची नणंद वाटलात," ती म्हणाली. नणंद तर केव्हाच वारली होती, म्हातारी मयताला गेली नव्हती. तांब्याच्या एका तपेलीवरून दोघींचं वैर. तपेली म्हातारीच्या आईनं लग्नात दिलेली, आणि नणंदेनं नाताळला माहेरी येऊन ती नेली, असं भाडेकरणीनं इतक्या वेळा ऐकलं होतं की तिच्या मुलांनाही ते पाठ होतं.

मी साहेबांना सांगितलं, मला परत पाठवू नका. साहेब म्हणाले, "तिनं तुम्हाला आत बोलावलं?"

"बोलावलं नाही. शिव्या दिल्या."

"पण डाळ फेकली नाही," ते हळूच म्हणाले.

मी जात राहिले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एकदा गेले नाही तर भाडेकरणीचा फोन आला, की आजी दिवसभर विचारतात, ती चोरटी कशी आली नाही. दर शनिवारी मी दारात आधी सांगायची, "आजी, मी तुमची नणंद नाही. मी मंडळीतून आलेय." ती म्हणायची, "खोटं बोलायची तुझी खोड जुनीच." मग मी तिचे केस विंचरायची, नखं कापायची, आणि ती शिव्या देत राहायची. हळूहळू मला तिच्या नणंदेबद्दल इतकं कळलं, जितकं मला माझ्या सख्ख्या नणंदेबद्दल माहीत नाही. ती डावखुरी होती. तिला विहिरीची भीती वाटायची. तिला वांगं चालत नसे, म्हणून म्हातारीनं मला कधी वांगं वाढू दिलं नाही, आणि मला वांगं अतिशय आवडतं.

एकदा मी तिला विचारलं, प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उपासनेला का येत नाही? ती एकदम शांत झाली. म्हणाली, मनात अढी ठेवून ती भाकर खायची नसते. खोटेपणानं हात पुढे करण्यापेक्षा न घेतलेलं बरं. येणारा प्रत्येक पाळक तिला सांगायचा, म्हातारबाई, एक तपेली ती काय, सोडून द्या.

"सोडा म्हणायला त्यांचं काय जातं?" ती म्हणाली. "तपेली त्यांची नव्हती."

 आम्ही सगळे दर महिन्याला रांगेनं जाऊन ती भाकर घेतो. माझी माझ्या जावेशी बोलचाल नव्हती, तरी मी कधी रांग सोडली नव्हती. आणि ही बाई एका तपेलीसाठी अर्धं आयुष्य उपाशी बसली होती, कारण तिला ते सगळं खरं वाटत होतं.

पुढच्या शनिवारी वीज गेली होती. पंखा बंद, पत्र्याखाली भट्टी. म्हातारीचा आवाज घामानं चिकटल्यासारखा येत होता, पण थांबत नव्हता. मी थकले होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चुकलं माझं, वहिनी. माफ करा."

ती थांबली. मी तिच्याकडे बघायला घाबरत होते. बाहेर भाडेकरणीच्या हातातली भांडी वाजायचीही थांबली.

"आणि तपेली?" म्हातारीनं विचारलं.

आता तपेली आणणं भाग होतं. भाडेकरणीकडून मी नणंदेच्या मुलाचा फोन नंबर मिळवला. तो साक्रीकडे गावी शेती करतो. मी त्याला माझी ओळख करून द्यायला लागले, पण मी तुमची आई म्हणून मामींकडे जाते, हे कसं सांगावं ते कळेना. कसंबसं सांगितलं.  मग तो म्हणाला, "तपेली आमच्या माळ्यावर आहे. तुरीचं बी ठेवतो तिच्यात."

"ती पाठवता का? फार उपकार होतील."

"का म्हणून? ती आमच्या आईचीच आहे. आजोबांनी तिच्या लग्नासाठी घडवून घेतलेली. मामीनं ती सोडलीच नव्हती. आईनं मागितली तर अंगावर फेकून मारली, त्यानं तपेलीला पोचा पडला. मग एका नाताळला आईनं आपली आपण उचलून आणली." वर म्हणाला, "मामीला सांगा, आम्ही तिला माफ केलंय."

मी फोन ठेवला आणि तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, मी जी नाही तिच्या नावानं माफी मागितली, आणि जिच्या नावानं मागितली तिनं काही केलेलंच नाही. हे आता मी कुठवर नेऊ? साहेब आधी हसले. बराच वेळ हसले. मग हसता हसता थांबले. "तपेलीचं काय करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी भागळच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं तांब्याची लखलखीत तपेली काढून दिली. मी विचारलं, पोचा पडलेली मिळेल का?

"बेन, आपणे त्यां गोबावाळो माल नथी," तो दुखावून म्हणाला. त्याला वाटलं मी त्याच्या मालाला नावं ठेवते आहे. शेवटी त्यानं मला मागच्या बाजूचा मोडीचा ढीग दाखवला. तिथे पोचे हवे तेवढे होते, पण एकही तपेली नव्हती. घागरी, तांबे, एक बंब. मी नवीच घेतली.

ती घेऊन शनिवारी गेले. दारातच सांगितलं, "वहिनी, ही मी भागळमधून आणलीय." म्हातारीनं ती हातात फिरवली, तळ पाहिला, काठावरून बोट फिरवलं आणि परत दिली.

"हाई मनी तपेली नही. मनी तपेलीले पोचा व्हता."

कुठे होता, ते तिनं हातानं दाखवलं. काठाखाली, लिंबाएवढा. कुणी पाडला, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पोच्याचं ऐकून रविवारी उपासनेनंतर साहेब आमच्या घरी आले. माझ्या नवऱ्यानं मिलमधून हातोडी आणून ठेवली होती. साहेबांनी अस्तन्या वर करून प्रार्थना केली आणि हातोडी मारली. ती घसरून फरशीवर बसली आणि फरशीचा टवका उडाला. मग नवऱ्यानं तपेली साड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. त्यानं मारल्यावर पोचा पडला, पण सुपारीएवढा. दोघं उकिडवे बसून लिंबू किती मोठं धरायचं यावर वाद घालत होते. साहेब म्हणत होते, साक्रीकडची लिंबं लहान असतात. आवाज ऐकून शेजारीण बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, घरी जाऊन वरवंटा आणला, साहेबांना बाजूला व्हायला सांगितलं आणि एका घावात पोचा पाडला. मग गॅसवर धरून तपेली काळवंडवली. "आमच्यात सासूशी भांडण मिटवायला एवढं करत नाहीत," त्या वरवंटा पुसत म्हणाल्या.

मला अजून एक शंका होती. "साहेब, हे खोटं नाही का होत?"

"तुम्ही तिला खरं ते सांगा," साहेब म्हणाले. "दर वेळी सांगता तसं."

मी सांगितलं. साहेब माझ्यासोबत आले होते, पण डाळीच्या आठवणीनं ते ओट्यावरच थांबले. मी म्हटलं, "वहिनी, ही तीच भागळची तपेली. पोचा आम्ही पाडलाय." म्हातारीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं तपेली मांडीवर घेतली. बोट त्या पोच्यात घातलं आणि तिथेच ठेवलं. तिचा चेहरा मला आवळल्यासारखा दिसला, जसा लहान मुलाचा रडायच्या आधी होतो. पण ती रडली नाही.

"लई जोरमा लागनं व्हतं का तुले?" तिनं विचारलं.

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. मी कपाळाला हात लावला. का लावला माहीत नाही, कुठे लागलं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हटलं, "नाही वहिनी. फार नाही लागलं."

"जाय," ती म्हणाली. "माफ कयं तुले. तूबी माले माफ कर."

मी मान हलवली. 

साहेबांना आत बोलावलं. त्यांच्या पिशवीत भाकर आणि पेला होता. पूर्वी तिच्याकडे येताना ते दोन्ही दर वेळी आणत आणि तसंच परत नेत असत. म्हातारीनं भाडेकरणीकडून धुतलेली साडी मागून खाटेवर पसरली. पदर डोक्यावर घेतला. भाकरीचा तुकडा तिनं दोन्ही हातांनी घेतला, आणि चावताना डोळे उघडे ठेवले, जणू काही चव विसरली असेल तर ती बघून ओळखायची होती. मग पेला माझ्याकडे सरकवला, "आधी हिला द्या. ही पाहुणी आहे." मी घेतला. त्या रात्री मी माझ्या जावेला फोन केला. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, पण तिनं फोन ठेवला नाही.

पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा वाटत होतं, आज शिव्या नसतील. काय बोलायचं? रस्त्यात मी वांगी घेतली होती. म्हटलं आता आपलं भांडण मिटलंय, वांग्याचं सांगून बघू. दारात उभी राहून म्हटलं, "वहिनी, आले."

म्हातारीनं वर पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही.

"कोन शे तू?"

मी म्हटलं, "मी... मी आले ना."

तिनं मला नीट निरखलं आणि नम्रपणे, परक्या बाईशी बोलावं तसं सांगितलं, की तिची नणंद येऊन गेली. तपेली देऊन गेली. बिचारीला लांब जायचं होतं.

मी उंबऱ्यावर उभी राहिले.  एवढ्या शनिवारांच्या शिव्या, ते केस, ती नखं. सगळं ती दुसरीच घेऊन गेली होती. मला त्या मेलेल्या बाईचा हेवा वाटला. तोंडाशी आलं होतं, की वहिनी, मीच ती. पण ती गेली होती, आणि जाताना भांडण मिटवून गेली होती. तिला परत कशाला आणायचं?

"मी मंडळीतून आलेय आजी," मी म्हणाले. "तुम्हाला भेटायला."

"मग उभी का?" ती म्हणाली. "बठ."

मी खाटेच्या कडेला बसले. तिनं माझ्या पिशवीत डोकावून वांगी पाहिली. भाडेकरणीला हाक मारून विळी मागवली, आणि भरीत करायचं की भाजी, यावर आम्ही दोघी बराच वेळ बोलत बसलो.